मागं घेतल्याचा दंड

सगुणाबाईला हसू आवरत नाही, ही गोष्ट मातोरीच्या शिवारात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. लग्नात, बारशात एक वेळ ठीक. पण चुलतसासऱ्याच्या दहाव्याला पिंडाला शिवायचं सोडून कावळा थेट गुरुजींच्या टोपीवर बसला, तेव्हा ही बाई अशी हसली, अशी हसली, की दोघी जावांनी तिला धरून लांब नेऊन बसवली. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. वय आता बासष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. दीड एकर झेंडू ती दोन बायांना हाताशी घेऊन काढते, आणि पहाटे फुलांचे कॅरेट टेम्पोत चढवताना सुद्धा काहीतरी आठवून खुदखुदत असते.

तिची दुसरी ख्याती मात्र हसण्यावारी न्यायची नाही. नाशिकच्या फुलबाजारात किशोर नावाच्या आडत्याचा गाळा आहे. तिथं येणारं प्रत्येक कॅरेट काट्यावर चढतं, मग ते कुणाचंही असो. सगुणाबाईचं चढत नाही. तिनं लांबूनच "दहा" म्हणायचं आणि किशोरनं पावतीवर दहा किलो लिहायचं. किशोरच्या बापाच्या वेळेपासून हे असंच. कारण सगुणाबाई दहा किलो भरते आणि वर एक ओंजळ टाकते. नवऱ्याची शिकवण ती. बाजारात नवीन माणूस आला की किशोर त्याला काटा दाखवून सांगायचा, "ह्याच्यावर सगळ्यांचा माल चढतो, फक्त मावशीचा शब्द चढत नाय." ते ऐकलं की सगुणाबाई "चल, काहीतरीच" म्हणायची, पण घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

आणि अशा बाईवर कोर्टानं खोटेपणाचा दंड बसवला. आता बोला!

झालं ते असं. डांबरी रस्त्याला सगुणाबाईचं घर, त्यामागं तिचा झेंडू. झेंडूच्या मधून एक वाट सामाईक विहिरीवर जाते आणि तिथून पुढं खंडेरावाच्या वांग्या-टोमॅटोच्या रानात. खंडेराव म्हणजे तिच्या नवऱ्याचा लंगोटीयार. हा तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भाऊजी. पन्नास वर्षं दोन्ही घरची माणसं, गुरं, सायकली, ट्रॅक्टर त्याच वाटेनं गेले. दोन वर्षांमागं मृगाच्या सुमारास खंडेरावानं भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. त्या ड्रायव्हरनं वळताना सगुणाबाईच्या बारा सऱ्या साफ लोळवल्या. नुकती लावलेली रोपं, कंबर मोडून लावलेली. आणि खंडेराव काय म्हणाला? "रोपंच हायेत वहिनी, परत येतील." तळपायाची आग मस्तकात गेली बाईच्या. संध्याकाळच्या आत तिनं वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले आणि ओरडून सांगितलं, "वाट नाय इथं! कधी नव्हती!"

बरं, खंडेरावही काही कमी नाही. कुणीतरी कानाशी लागलं आणि त्यानं कोर्टात दावा ठोकला, की ही वाट वहिवाटीची आहे, ती मोकळी करून द्यावी.

दाव्याला उत्तर म्हणून लेखी कैफियत द्यावी लागते. सगुणाबाईनं वकील धरली ती तेजस्विनी. पिंपळगाव बसवंतची पोरगी, हुशार, बोलायला लागली की एक्स्प्रेस. तिनं कैफियत टाइप करून आणली आणि वाचून दाखवायला लागली.

"कलम एक. वादी व प्रतिवादी हे शेजारी आहेत, हा मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही."

"अगं बाई!" सगुणाबाई म्हणाली. "मग तो काय लंडनला राहतो का?"

"मावशी, सगळंच नाकबूल करायचं असतं. पद्धत आहे ती. कलम दोन, सदर विहीर सामाईक आहे हे नाकबूल."

"अन् मी पाणी कुठून काढते?"

"कलम तीन, वादी हा शेतकरी आहे हे नाकबूल."

इथं बाईनं टेबल धरलं. खंडेराव शेतकरी नाही! मग उन्हातान्हात वांग्यांवर फवारणी करतो तो कोण, जिल्हाधिकारी? ती हसत सुटली आणि हसता हसता कलम सहा आलं: "सदर ठिकाणी कोणतीही वाट नाही व कधीही नव्हती." त्यावर मात्र तिला हसू आलं नाही. हे वकिलिणीच्या पद्धतीतलं नव्हतं, हे तिच्याच तोंडचं होतं. तिनं पेन खाली ठेवलं. मग डोळ्यापुढं त्या लोळलेल्या बारा सऱ्या आल्या आणि तिनं शपथपत्रावर सही ठोकून दिली.

आता खरी गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन विहिरीवर निघाली आणि वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली. बाभळीचे फास बाजूला सारायला कितीसा वेळ! रान तिचंच. पण शपथेवर सांगितलंय ना, की वाट नाही? मग नसलेल्या वाटेनं चालायचं कसं? बाई तशीच मागं फिरली आणि ओहळातून, चिखलातून, घाणेरीच्या झुडपांतून वळसा घालून विहिरीवर गेली. कोर्टात बोललेलं तिनं असं अंगावर घेतलं. अर्धं आयुष्य कोर्टात गेलेल्या माणसांनाही जे सुचलं नाही, ते हिला सुचलं. खोटंच बोललो ना, मग निदान त्याला धरून तरी राहावं.

तिकडं खंडेरावाला त्याच्या वकिलानं बजावलं होतं, की निकाल लागेपर्यंत त्या वाटेला पाय लावू नका, उगाच भानगड होईल. म्हणून तोही ओहळातूनच. रोज सकाळी दोघं समोरासमोर, गुडघाभर चिखलात, एकमेकांकडं न बघता. दोघांच्या पायांनी ओहळात नवीन वाट पडायला लागली आणि जिच्यासाठी दावा चालला होता ती वाट दुसरा पावसाळा सरत आला तरी गवतातच झोपून राहिली.

घटस्थापना आली. त्या दिवशी शिवारात एक रीत आहे. झेंडूच्या तोडणीची पहिली पाटी बाजाराला जात नाही, ती विहिरीवरच्या साती आसरांना जाते. पाण्याच्या सात देवता त्या, काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्यांना फुलं घातल्याशिवाय सगुणाबाईनं आजवर घटस्थापनेला एक फूल विकलेलं नव्हतं. डोक्यावर पाटी, अंगावर नवं लुगडं आणि पायाखाली ओहळ. रात्री पाऊस झालेला. रस्त्याकडून नारळ घेऊन परतणारा खंडेराव मागूनच येत होता.

पाय घसरला. पाटी एकीकडं, बाई एकीकडं, आणि अख्खा झेंडू ओहळात तरंगायला लागला. "वहिनी!" करून खंडेराव धावला, तिचा हात धरून ओढायला गेला आणि स्वतःच धप्पकन शेजारी बसला. नारळ पाण्यात. त्याच्या टकलावर एक झेंडूचं फूल बरोब्बर मधोमध.

सगुणाबाईनं त्या फुलाकडं बघितलं. पंधरा महिन्यांचा राग तिथंच फुटला. ती हसली, तो हसला, ती चिखलात हात आपटून हसली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेवटी धापा टाकत म्हणाली, "भाऊजी, त्या साती जणी बघत असतील वरून. म्हणत असतील, एवढी चांगली वाट सोडून ह्या दोन म्हाताऱ्यांना काय वेड लागलं!"

"रोपांचं मी चुकीचं बोललो, वहिनी," खंडेराव म्हणाला. "त्याच दिवशी कळलं होतं. पण तोंड उघडंना."

झालं! त्या आठवड्यात बाई तेजस्विनीच्या पुढ्यात. "माझी कैफियत मागं घ्यायची."

"छान! मग तडजोड करू. दोघांच्या सह्या घेते, विषय संपला."

"तडजोड नाय. तडजोडीत दोघं दोन-दोन पावलं मागं येतात. वाट होती अन् हाय. त्यात त्याचं काय चुकलं? खोटं मी लिहिलं, माझंच काढ."

तेजस्विनीनं डोक्याला हात लावला. पण ही ऐकतेय होय? कोर्टात अर्ज गेला, की प्रतिवादी आपला बचाव मागे घेत आहे. बाभळीचे फास निघाले. दोघं त्या वाटेनं परत ये-जा करायला लागले. सगुणाबाईला वाटलं, सुटलो बुवा.

माघात निकाल आला. दावा मंजूर, वाट मोकळी. ते तर हवंच होतं. पण खाली आणखी चार ओळी होत्या: प्रतिवादीने खोटा व त्रासदायक बचाव घेऊन नंतर तो मागे घेतला, सबब प्रतिवादीने वादीस नुकसानभरपाईचा खर्च म्हणून तीन हजार रुपये द्यावेत.

खंडेराव तर हे ऐकून बावचळूनच गेला. "मी मागितलेच नव्हते! वहिनी, हे बघा, तुम्ही मला द्या, मी तिथंच तुमच्या हातात परत ठेवतो."

"अन् तो 'खोटा' हा शब्द कुणाच्या हातात ठेवणार?" सगुणाबाई म्हणाली. पण तेव्हाही ती हसतच होती. खरा घाव नंतर बसला.

हल्ली कोर्टाचे निकाल मोबाइलवर दिसतात. किशोरनं तो कुठूनसा काढला आणि भर बाजारात मोठ्यानं वाचला. "खोटा व त्रासदायक! ऐका हो ऐका, आपल्या मावशी!" सगळे हसले. सगुणाबाईही हसली. मग तिनं नेहमीसारखं "दहा" म्हटलं, आणि किशोरनं डोळा मारत तिचं कॅरेट उचललं आणि काट्यावर ठेवलं. "कोर्टाचा हुकूम हाय मावशी, आता मोजावंच लागंल!"

थट्टाच होती हो. त्याच्या मनात काही नव्हतं. काट्यावर दहाच्या वर पाव किलो आलं, तेही त्यानं ओरडून सांगितलं. पण काट्यावर चढलेलं आपलं कॅरेट बघून सगुणाबाईच्या तोंडचं हसू जागच्या जागी वाळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. घरी आली ती गप्पच. चार दिवस गेले, आठ गेले, झेंडूत काम करणाऱ्या बाया घाबरल्या. एकीनं मुद्दाम कावळ्याची गोष्ट काढली, तरी ही गप्प. किशोर पुढं मोजेना, पण त्याचं ते न मोजणं आता तिला पहिल्यासारखं वाटेना. दर खेपेला काट्याकडं नजर जायची. ह्याच्या मनात आलं असेल का मोजायचं? आलं असेल आणि दाबलं असेल का?

नवव्या दिवशी ती तेजस्विनीकडं गेली. "वरच्या कोर्टात चल."

"मावशी, तीन हजारासाठी अपील? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईल."

"कोंबडी राहू दे गं. तो शब्द खोडता येतो का, तेवढं सांग."

तेजस्विनीनं पुस्तक उघडलं. वाचता वाचता ती खुर्चीत सरळ बसली. "मावशी, येतो! असा दंड लावायचा तर समोरच्यानं आधी हरकत घ्यायला लागते, की हा बचाव जाणूनबुजून खोटा आहे. खंडेरावांनी कधी घेतली?"

"तो कशाला घेतोय!"

"आणि कोर्टानं खोटं का म्हटलं त्याची कारणं लिहायला लागतात. इथं एक ओळ नाही. फक्त एक करायचं, मावशी. कोर्टात तुम्ही बोलायचं नाही. मी बोलेन."

अपील दाखल झालं. खंडेरावाला नोटीस गेली, कारण अपिलात तो सामनेवाला. नोटीस घेऊन तो वाटेनंच सगुणाबाईच्या ओट्यावर आला. "वहिनी, मी तुमच्या विरुद्ध हाय म्हणे. किती वाजता निघायचं?"

भाद्रपदात तारीख लागली. दोघं खंडेरावाच्या पिकअपमधून गेले, मागं टोमॅटो आणि झेंडू. माल उतरवून, मिसळ खाऊन अपीलदार आणि सामनेवाला जोडीनं कोर्टाची पायरी चढले. दोघांनी तिखट जास्त घेतलं होतं, त्यामुळं आत गेल्यावर दोघांच्याही नाकाला धार लागली होती. खंडेरावानं खिशातून रुमाल काढून तिला दिला. शिपाई बघतच राहिला.

तेजस्विनी झकास बोलली. हरकत नाही, कारणं नाहीत, हुकूम टिकत नाही. जज्जसाहेबांनी खंडेरावाकडं बघितलं. त्यानं वकील दिलाच नव्हता.

"बचाव खोटा आहे अशी हरकत तुम्ही घेतली होती?"

"नाय साहेब. खोटा हाय हे म्हाईत होतं. पण वहिनी रागात होत्या. राग उतरला की खरं बोलतील, हेबी म्हाईत होतं. मग कशाला हरकत घेऊ?"

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते सगुणाबाईकडं वळले. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"काही नाही, साहेब!" तेजस्विनी पटकन म्हणाली आणि टेबलाखालून तिनं सगुणाबाईचा पाय दाबला. पण बाई उभी राहिली होती.

"खोटी होती साहेब. माझी कैफियत. वाट तिथं माझं लग्न झालं तेव्हापासून हाय."

तेजस्विनीनं डोळे मिटले.

"मग दंड का नको म्हणता?" साहेब म्हणाले.

सगुणाबाईनं पदर सावरला. "खोटं बोलल्याचा लावा साहेब. आत्ता लावा, मी भरते. पण त्या कागदावर असं लिहिलंय, की खोटं बोलून मी ते मागं घेतलं, म्हणून दंड. मला कुणी पकडलं नव्हतं. मी रेटलं असतं तर अजून दहा वर्षं रेटलं असतं. आमच्या शिवारात निम्म्या लोकांचे असे दावे पडलेत, निम्म्यांनी खोटं लिहिलंय. मागं घेतल्याचा दंड बसतो हे त्यांना कळलं, तर साहेब, कोण मागं घेईल?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बसा," म्हणाले, एकदम मऊ आवाजात.

आठ दिवसांनी निकाल लागला. खर्चाचा हुकूम रद्द. तेजस्विनीनं फोनवर ओरडूनच सांगितलं. सगुणाबाईनं एकच विचारलं, "तो शब्द?" तो सगळा परिच्छेदच गेला म्हटल्यावर तिनं फोन ठेवला आणि झेंडूच्या सरीत मटकन बसून लहान पोरासारखी रडली.

मग घटस्थापना आली. आदल्या संध्याकाळी सहा कॅरेट भरून, बांधून तयार. सकाळी बघते तर आसरांची पाटी भरायचीच राहून गेलेली! आनंदात माणूस असंच करतं. बाईनं घाईघाईत तिसऱ्या कॅरेटमधून तीन ओंजळी फुलं उपसली आणि वाटेनं, कोरड्या पायांनी, विहिरीवर जाऊन साती जणींना घातली. खंडेरावानं नारळ फोडला. मग पिकअप निघाली.

फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगुणाबाई निकालाची नक्कल पिशवीत घेऊनच आली होती. पण ती काढायची वेळच आली नाही. किशोरनं तिला लांबून बघितलं आणि गर्दीतून हाक मारली, "या मावशी! किती?"

"सहा कॅरेट. दहा-दहा."

त्यानं काट्याकडं बघितलंही नाही. पावती फाडून हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. बास. एवढंच. ह्यासाठी बाई सात महिने झुरली होती. ती बाहेर आली, पिकअपला टेकून उभी राहिली आणि खंडेरावाला पावती दाखवायला गेली, तोच तिचा हात गालावर गेला.

"भाऊजी, घोळ झाला!"

"आता काय?"

"आसरांची फुलं! तिसऱ्या कॅरेटातनं काढली ना मी!" आणि बासष्ट वर्षांची बाई पदर खोचून त्या गर्दीत उलटी पळत सुटली. "किशोर! अरे किशोर! तिसऱ्याचे दहा नाय, साडेनऊ! खोटं सांगितलं मी! मागं घेते!"

अख्खा गाळा वळून बघायला लागला. किशोरनं कमरेवर हात ठेवले. "मावशी, मागं घेतल्याचा दंड पडतो म्हणतात!"

"वरच्या कोर्टानं रद्द केलाय तो! कागद दाखवू?"

किशोरनं तिच्या हातातली पावती घेतली, दहाचा आकडा खोडला आणि साडेनऊ लिहिला. काटा शेजारीच होता, त्याला कुणी हात लावला नाही. आणि सगुणाबाई जी हसत सुटली, ती खंडेरावाच्या पिकअपनं घरच्या रस्त्यावरचं मखमलाबाद मागं टाकलं तरी थांबली नव्हती.